शिबिरं भरपूर, निवडणूक एकही नाही

सरतं वर्ष जड गेलं, असं युवा नेतृत्वाचं काम करणाऱ्या संस्था त्यांच्या आढावा बैठकांत सांगताहेत. फेलोशिपचे पैसे रखडले, काही तालुक्यांतलं काम बंद करावं लागलं, पूर्णवेळ कार्यकर्ते सोडून गेले, राहिले ते थकले. यातलं काहीच खोटं नाही. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी गावोगाव फिरून पोरांचे गट बांधते आणि मार्चमध्ये तिला कळतं की एप्रिलपासून मानधन नाही. तिच्या थकव्याला नावं ठेवायची कुणाची लायकी नाही.

पण याच संस्थांचे वार्षिक अहवाल काढून बघा. शिबिरं किती झाली, तरुण किती प्रशिक्षित झाले, जिल्हे किती ‘कव्हर’ झाले, हे सगळं असतं. त्यातला एखादा तरुण कुठे निवडून आला का, कुठल्या सार्वजनिक पैशाच्या खर्चावर त्याची सही लागते का, कुठला निर्णय त्याने बदलायला लावला का, हे विचारणारा रकाना नसतो. माझं भांडण त्या नसलेल्या रकान्याशी आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण वर्ष जड जाण्याचं ते पहिलं कारण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, दुरुस्ती झाली. त्यापूर्वी एक मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी देणगी घेऊन दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला कामासाठी देऊ शकत होती. ती वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि कार्यकर्त्याचा पगार आणि प्रवास हे या कामाचं अंगच असल्यामुळे घाव थेट माणसांवर बसला. ज्या जाळ्यात एक संस्था पैसा आणते आणि तालुक्यातल्या छोट्या संस्था काम करतात, त्याचा धागाच कापला गेला. मग २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवस थांबवली आणि १ जुलैला यूएसएड ही संस्थाच मदत देण्याच्या कामातून बाहेर पडली. जगभर जे कार्यक्रम तिच्यावर उभे होते, ते कोसळले. जे उभे नव्हते, त्यांच्याकडेही आता तेच जुने दाते आणि दुप्पट अर्जदार आहेत.

राहिला कंपन्यांचा सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. चांगली गोष्ट आहे. पण सीएसआरवाल्यांना मोजता येईल असं काहीतरी हवं असतं: किती मुलांना टॅली शिकवलं, किती जणींना शिलाई. पंचायतीच्या खर्चाचा हिशेब मागायला किती पोरं शिकली, यासाठी चेक फाडणारी कंपनी विरळा. त्यामुळे संस्था हळूहळू तेच शिकवू लागल्या ज्याला पैसा मिळतो: संवादकौशल्य, आत्मविश्वास, वेळेचं नियोजन. नेतृत्वाच्या नावाखाली मुलाखतीची तयारी.

दात्यांची ही अडचण संस्था बैठकीत एकमेकांना सांगतात, अहवालात लिहीत नाहीत. दाता दुखावेल, ही भीती मला कळते. पण ज्या मुलांना आपण निर्भय व्हायला शिकवतो, त्यांच्यासमोर आपलाच अहवाल घाबरत घाबरत लिहायचा, हे मला पटत नाही.

आता दुसरं कारण, ज्याबद्दल बैठकीतही फार कुणी बोलत नाही. हे नेतृत्व वापरायचं कुठे?

१९८९ हे वर्ष आठवा. त्या मार्चमध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. देशाने कॉलेजच्या पोरांवर लोकसभा निवडण्याचा भरवसा टाकला. त्याच वर्षी मुंबईत ओवेन डिसुझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेज निवडणुकांतली गुंडगिरी आणि पैसा यांवर आधीच लोक चिडलेले होते, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांतली थेट निवडणूक संपवली. वर्गात ज्याला सर्वाधिक गुण, तो वर्गप्रतिनिधी. अठराव्या वर्षी पंतप्रधान ठरवायला मत चालतं, पण कॅन्टीनच्या दरांबद्दल प्राचार्यांशी कोण बोलणार, हे गुणपत्रिका ठरवणार.

तीस वर्षांहून अधिक काळ आपण हे चालवून घेतलं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, निदान कागदावर. २०१९ मध्ये वेळापत्रक लागलं, आणि विधानसभा निवडणूक तोंडावर आहे म्हणून सरकारने ते पुढे ढकललं. मग करोना आला. करोना गेला, वर्ग भरले, गॅदरिंगं झाली, मतपेटी मात्र आली नाही.

हिंसा होईल, हा आक्षेप मी उडवून लावत नाही. एका आईचा मुलगा गेला होता. पण त्या प्रश्नावर नंतर काम झालं आहे. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये प्रत्येक उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा घातली, ७५ टक्के हजेरीची अट घातली, वयाची मर्यादा घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या शिफारशी लागू केल्या. दिल्ली विद्यापीठात २०२४ ला उमेदवारांनी भिंती पोस्टरांनी माखल्या, तेव्हा उच्च न्यायालयाने मतमोजणीच थांबवली. भिंती साफ झाल्यावर निकाल लागला, तोही दोन महिन्यांनी. चूक झाली, शिक्षा झाली, निवडणूक टिकली. महाराष्ट्राने खेळाडूंनी दांडगाई केली म्हणून मैदानच नांगरून टाकलं.

कॉलेज नाही, तर मग गावाचं-शहराचं राजकारण? तिथेही बघा. मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ला झाली. मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक बसला. पुढचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला, राज्यातल्या इतर २८ महापालिकांबरोबर. २०१७ च्या मतदानानंतर लगेच ज्याने अठरा पूर्ण केली, त्याने आपला पहिला नगरसेवक निवडला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. नगरसेवक व्हायला वयाची अट २१ आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत, उमेदीची सगळी वर्षं, त्याच्या प्रभागात उभं राहायला निवडणूकच नव्हती. पाणी, कचरा, रस्ते यांवर आयुक्त निर्णय घेत होते आणि जाब विचारायला सभागृह नव्हतं. आणि इतकी वाट पाहून निवडणूक आली, तेव्हा इतर काही महापालिकांच्या काही प्रभागांत उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथल्या पहिल्यांदा मत देणाऱ्यांच्या वाट्याला त्या जागांसाठी मतदान आलंच नाही.

याच काळात युवा नेतृत्वाची शिबिरं वाढत गेली. मोठ्या संस्थांपासून सरकारपर्यंत सगळ्यांनी घेतली. २०२४ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून आवाहन केलं की ज्यांच्या घरात राजकारण नाही असे एक लाख तरुण राजकारणात यावेत. आवाहनाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त विचारतो की त्या लाखांनी कुठल्या दारातून यायचं. त्याच वर्षी निवडून आलेल्या लोकसभेचं सरासरी वय ५६ आहे. चाळीस किंवा त्याहून कमी वयाचे खासदार ११ टक्के. महाराष्ट्र विधानसभेतले सर्वांत तरुण आमदार रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी निवडून आले. ते माजी गृहमंत्री आर. आर. आबांचे चिरंजीव. त्यांच्या कष्टाबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण त्यांच्या तासगावातल्या दुसऱ्या कुठल्या पंचविशीतल्या पोराला तिकीट मिळालं असतं, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणेल का?

नेतृत्व कुठे उगवतं, हे बघायचं असेल तर पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर जा. अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सची दुकानं यांच्या मधोमध एमपीएससीची पोरं ठिय्या मारतात. मार्च २०२१ मध्ये परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा बसली आणि आठवड्याभरात नवी तारीख घेऊन उठली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या वर्णनात्मक पद्धतीसाठी वेळ हवा म्हणून बसली आणि ती पद्धत २०२५ पर्यंत पुढे गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकांची परीक्षा एकाच दिवशी आल्या, पुन्हा बसली, पुन्हा तारीख बदलली. कुठल्याही फेलोशिपशिवाय या मुलांनी मागणी नेमकी ठेवली आणि रात्रभर रस्त्यावर माणसं टिकवली.

आणि तरीही प्रत्येक वेळी सरकारशी बोलायला मध्ये कुणीतरी मोठा नेता लागला. का? कारण त्या हजारोंच्या वतीने बोलायचा अधिकार असलेला, त्यांनी निवडलेला, एकही माणूस त्या रस्त्यावर नव्हता. आंदोलन उठलं की संघटना विरते, पुढच्या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या मुलांपर्यंत नेतृत्वाच्या संस्थांपैकी किती गेल्या? आढाव्यात हे विचारा. मला वाटतं, उत्तर लाजिरवाणं येईल.

संघटना न विरता कशी टिकते, हे दाखवणारे बाबा आढाव डिसेंबर २०२५ मध्ये गेले, पंच्याण्णवाव्या वर्षी. श्रद्धांजल्या पुष्कळ झाल्या. मला त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलायचं आहे. हा पुण्यातला डॉक्टर पंचविशीच्या आसपास हमालांत गेला आणि हमाल पंचायत उभी राहिली. ती हमालांच्या वर्गणीवर उभी राहिली, म्हणून हमालांना जाब देत राहिली. १९७४ मध्ये त्यातूनच ‘कष्टाची भाकर’ निघालं, जिथे हमालाला आणि कुठल्याही गरजूला परवडेल असं जेवण मिळतं. दाता रुसला म्हणून ते बंद पडलं नाही.

कार्यकर्त्याच्या पोटाचा प्रश्न त्या पिढीनेही सोडवायचा होता, आणि तिने तो समाजासमोर उघडपणे मांडला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा, नरेंद्र दाभोलकर यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नामवंत नट-नट्यांनी अत्रेंच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, गावोगावच्या लोकांनी तिकिटं काढली, आणि जमलेल्या रकमेच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. रक्कम मोठी नव्हती. पण ती द्यायला वॉशिंग्टनच्या सहीची गरज नव्हती आणि कुठल्या कंपनीच्या ‘इम्पॅक्ट’ पथकाचीही नव्हती. तिकीट काढणाऱ्या साताऱ्याच्या शिक्षकाला ठाऊक होतं की आपण कुणाच्या भाकरीला हातभार लावतो आहोत.

आजच्या संस्थांनी नाटक काढावं असं मी म्हणत नाही. वर्गणी मागावी, एवढंच म्हणतो. माजी शिबिरार्थी आता नोकरीला आहेत, पुण्या-मुंबईत, बंगळुरात, काही दुबईत आणि न्यू जर्सीत. प्रत्येकाकडून महिन्याला शंभर रुपये मागितले, तर पैसा किती जमेल याहून महत्त्वाचं आहे ते हे की शंभर रुपये देणारा हिशेब विचारेल. आणि संस्थेचं कार्यकारी मंडळही त्याच सभासदांनी मतदानाने निवडावं. युवा नेतृत्व घडवणाऱ्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांत तिशीच्या आतले किती, ते त्यांच्या संकेतस्थळांवरची छायाचित्रं बघून कुणालाही मोजता येईल. छात्र-युवा संघर्ष वाहिनी काढताना जयप्रकाश नारायणांनी वयाची वरची मर्यादा तिशीची ठेवली होती, ती १ जानेवारी १९७५ ला. सहा महिन्यांत आणीबाणी आली. त्या मुलांसाठी ते वर्ष आजच्यापेक्षा सोपं नव्हतं. काही वर्षांनी बोधगयेत मठाच्या हजारो एकर जमिनीसाठी भूमिहीनांबरोबर तीच मुलं लढली, आणि तिथे जमिनीचे कागद बायकांच्या नावावरही झाले. त्यांना निर्णय घ्यायला वडीलधारे मागे बसवलेले नव्हते.

यंदाचा आढावा संपवण्याआधी या सगळ्या संस्थांनी मिळून एक काम करावं. वेगवेगळी निवेदनं नकोत. एकत्र जावं, उच्च शिक्षणमंत्र्यांकडे आणि प्रत्येक कुलगुरूंकडे, आणि विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकीची तारीख मागावी. कायदा हातात आहे. लिंगडोहांनी सांगितल्याप्रमाणे शैक्षणिक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत मतदान घ्यायचं आहे. यंदा कुठलीही विधानसभा किंवा लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात आडवी येत नाही. प्रवेश जुलैअखेर आटोपले, तर सप्टेंबरात मतपेट्या ठेवता येतात.