आम्ही पडलो अराजकीय!

अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या तहसील कार्यालयातल्या आवक-जावक टेबलानं जेवढं जग पाहिलंय, तेवढं परराष्ट्र खात्यानंही पाहिलं नसेल. बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क किलोला 88 रुपयांवर नेलं, निवेदन तहसीलदारांना. दिल्लीनं आयात-निर्यातीचं धोरण फिरवलं, निवेदन तहसीलदारांना. तहसीलदार पोच देतात, फोटो निघतो, फोटो ग्रुपवर पडतो. ढाक्याला कळलं की नाही, ते विचारू नये.

आमच्या संत्रापट्ट्यातल्या शेतकरी संघटनांचा एक बाणा मात्र मानावा लागतो. त्या अराजकीय असतात. लेटरहेडवर तसं छापलेलं असतं, म्हणजे खरंच असणार. वर्षभर मंडळी एका सतरंजीवर बसतात, एका आवाजात घोषणा देतात. निवडणूक लागली की अध्यक्ष एका पॅनलच्या गाडीत, सचिव दुसऱ्याच्या, आणि कोषाध्यक्ष दोन्हीकडचं जेवण आटोपून तिसऱ्याच्या प्रचाराला. गुलाल उडाला की पुन्हा सतरंजी तीच. कोण कुणाकडून लढला, कोण कुठं निवडून आला, हे संघटना विचारत नाही. घरातल्या माणसाचं व्यसन जसं चारचौघांत काढत नाहीत, तसं.

आता बाजार समितीचंच घ्या. काटा, कडता, हिशोबाची पट्टी यांवरून संघटनेनं आंदोलन केलं नाही, असा हंगाम जात नाही. समितीत संचालक 18. त्यातले 11 सेवा सहकारी सोसायट्यांकडून, 4 ग्रामपंचायतींकडून, 2 अडते-व्यापाऱ्यांचे, 1 हमाल-मापाऱ्यांचा. म्हणजे 15 जागांची किल्ली सोसायटीच्या संचालकांकडे आणि ग्रामपंचायत सदस्यांकडे. ज्या संघटनेला आपले किती सभासद सोसायटीवर आहेत हे ठाऊक नाही, तिनं समितीच्या फाटकाबाहेर घोषणा द्याव्यात हेच रीतसर. आत बसून ठराव करणं म्हणजे राजकारण. बाहेर उन्हात उभं राहणं म्हणजे चळवळ!

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनंही आधी राजकारणाशी कट्टी घेतली होती. पण 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर बायकांना पंचायत राज्याच्या निवडणुकांत उतरवायचं ठरलं, आणि 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या ग्रामपंचायतीवर बायकांचं पॅनल निवडून आलं. आमच्याकडे विटनेरचं नाव भाषणात येतं. भाषण संपलं की चहा येतो.

आमदारकीची हौस मात्र आम्ही भागवून घेतली. 2019 मध्ये मोर्शीनं तेव्हाचे कृषिमंत्री अनिल बोंडे यांना पाडून स्वाभिमानी पक्षाचे देवेंद्र भुयार निवडून दिले. राज्यभर कौतुक झालं. 2022 मध्ये पक्षाचे नेते राजू शेट्टींनी भुयारांना पक्षातून काढलं. 2024 मध्ये ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून लढले आणि हरले. वरचा मजला असा हातचा गेला. तळमजल्यावर, म्हणजे ग्रामपंचायत-सोसायटीत, संघटनेची किती माणसं उरली, याचा हिशोब कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

राहिला मधला मजला. पण तिथं अप्पर वर्धा धरणाच्या धरणग्रस्तांची थट्टा करायची माझी हिंमत नाही. 2023 मध्ये ते मोर्शीच्या तहसीलसमोर शंभराहून जास्त दिवस बसले आणि शेवटी ऑगस्टमध्ये मुंबईत मंत्रालयाच्या जाळीवर उतरले. तहसीलचा मांडव आणि मंत्रालयाची जाळी यांच्या मध्ये पंचायत समिती आणि जिल्हा परिषद लागते. तिथं तेव्हा लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. अमरावती जिल्हा परिषदेत 2022 मध्येच प्रशासक आला होता. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात आणि निवडणुका टांगणीला. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. या काळात हमीभावासाठी मोर्चे निघाले, कर्जमाफीसाठी निघाले. ‘आमची जिल्हा परिषद आम्हाले परत द्या’ म्हणून निघालेला मोर्चा काही माझ्या पाहण्यात नाही. प्रशासकही अराजकीयच की, मग भांडण कशाचं!

ग्रामसभेची तऱ्हा आणखी सोयीची. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातला कमी आकडा पुरतो. तेवढीही येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग वीस माणसं गावाचं वर्षभराचं भलं करून मोकळी होतात. संघटनेचे लोक त्या दिवशी कुठं असतात? जिल्ह्याच्या बैठकीला. विषय, ग्रामीण भागाचा विकास.

परवा अशाच एका बैठकीला गेलो होतो. विषय पांदण रस्त्याचा. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू, पावसानं पांदणीत गुडघाभर चिखल, ट्रॅक्टर रुतलेला, कॅरेट डोक्यावरून आणायची पाळी. संताप खरा होता. पांदणीला ग्रामसभेचा ठराव लागतो, असं कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, पण ते घोषणेत बुडालं. थेट मुख्यमंत्र्यांना निवेदन द्यायचं ठरलं, अर्थात तहसीलदारांमार्फत. कागद फिरू लागला. तिसरी सही त्याच गावच्या सरपंचाची, संघटनेचा जुना कार्यकर्ता. सही करून त्यानं खिसा चाचपला.

“भाऊ, सरपंचाचा शिक्का मारू काय? खिशातच हाये.”

अध्यक्षांनी झटकन कागद ओढून घेतला.

“नोको बापा! संघटनेत राजकारण आनू नोको.”