सीट आडवी, मोबाइल सपाट

विमानाच्या बिझनेस क्लासमधली सीट बटण दाबताच आडवी होते. या सुखासाठी प्रवासी जादा पैसे मोजतो. सीटखालच्या मोटारीला मात्र उशी आणि मोबाइल यांतला फरक कळत नाही. खिशातून घसरलेला मोबाइल फटीत जातो. मालक तो शोधायला सीट पुढेमागे करतो आणि सापडेपर्यंत त्याचा चुराडा करून ठेवतो. लिथियम-आयन बॅटरी चेपली की आतला पातळ पडदा फाटतो, शॉर्टसर्किट होते, धूर निघतो, कधी आगही लागते. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसहून म्युनिकला निघालेले लुफ्तान्साचे ए३८० विमान सीटमध्ये अडकून वाकलेल्या एका टॅबलेटपायी, खबरदारी म्हणून, बॉस्टनला उतरवावे लागले. प्रवासी होते ४६१.

यावर उपाय दोन. पहिला अभियंत्यांचा : फटी झाकायच्या, अडथळा जाणवताच मोटार थांबेल अशी सोय करायची. दुसरा स्वस्त, म्हणून अधिक लाडका : ‘मोबाइल हरवल्यास सीट हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा,’ ही सूचना. ती उड्डाणापूर्वी ऐकवली जाते. म्हणजे प्रवासी त्याच मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेला असतो, नेमका तेव्हा.