अर्धवेळ मल्लविद्या

मुंबईची जकात वाचावी म्हणून व्यापाऱ्यांनी एके काळी भिवंडीच्या आसपास गोदामे बांधली. २०१७ साली जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली, आणि माणकोलीपासून पडघ्यापर्यंत पत्र्याच्या अजस्र छपरांखाली चहाच्या गाळणीपासून कपाटापर्यंत सारे संसारसाहित्य आता अहोरात्र फिरत असते. तेथे सायंकाळचे अर्धवेळ काम मी पत्करले, त्यामागे माझ्या शिकवणीच्या वर्गांतून होणारी तुटपुंजी प्राप्ती आणि ‘बसून बसून पोट सुटलंय तुमचं’ हा गृहिणीचा अभिप्राय, अशी दुहेरी प्रेरणा होती.

पोटाचा प्रश्न लवकरच निकालात निघाला. काम वरकरणी सोपे आहे: सरकत्या पट्ट्यावरचे पार्सल उचलावे, स्कॅनरचा तांबडा किरण बारकोडवर धरावा, ‘टिट्’ असा ध्वनी होताच ते त्या-त्या पिनकोडच्या पोत्यात टाकावे. परंतु पट्टा दमत नाही. शिवाय एकाच आकाराच्या दोन खोक्यांपैकी एकात उशी असते आणि दुसऱ्यात व्यायामाची डंबेल्स, व कशात काय आहे हे डोळ्यांच्या आधी कंबरेला समजते. कृश होण्याचा संकल्प कोणी सद्गृहस्थ पुण्यात सोडतो आणि त्याचा पहिला घाम भिवंडीत माझ्या अंगातून निघतो. सकाळी वर्गात खडू धरू जावे तर बोटे मिटत नाहीत, आणि भूमितीची माझी वर्तुळे हल्ली वांग्यासारखी उतरतात.

वेतनाचा अध्याय याहून रोमहर्षक. कोणते पार्सल कोणत्या गाडीत किती वाजता चढले, याचा दाखला ज्या गोदामात बसल्या जागी मिळतो, तेथेच मी केलेल्या जादा तासांचा ठावठिकाणा कोणालाही लागत नाही. सुपरवायझर कंत्राटदाराकडे बोट दाखवितो, कंत्राटदाराचा कारकून हजेरीपटाकडे, आणि हजेरीपट म्हणे फाटकावरच्या अंगठ्याच्या यंत्रावरून तयार होतो. पुठ्ठे घासून माझ्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्यामुळे ते यंत्र मला ओळखण्यास साफ इन्कार करते. वजावटीच्या रकान्यात मात्र माझी ओळख बिनचूक पटते: भविष्य निर्वाह निधीचे शेकडा बारा, राज्य विम्याचे शेकडा पाऊण, आणि गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीचे काही. १९६९च्या कायद्याने माथाडी कामगारांना निदान स्वतःची मंडळे दिली. आमच्या नेमणूकपत्रावर ‘असोसिएट’ असे भारदस्त पद छापलेले असल्याने हमाल म्हणवून घेण्याचीही सोय उरलेली नाही. पगार सात तारखेच्या आत होईल, असे त्याच पत्रात लिहिले आहे, हे मी मुकादमाच्या नजरेस आणले, तेव्हा तो अत्यंत आदराने म्हणाला, “बरोबर आहे मास्तर, पण कुठल्या महिन्याच्या, ते कुठं लिहिलंय?”

तेव्हा प्रकृती सुधारू इच्छिणाऱ्या वाचकांस नम्र विनंती, की डंबेल्स घ्यावयाचीच असल्यास ती नाक्यावरच्या दुकानातून घ्यावीत आणि स्वहस्ते घरी उचलून न्यावीत. व्यायामास तेथूनच प्रारंभ होतो.