जनरेटरशेठ

चार पंखे, एक फ्रीज आणि विहिरीवरची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर एवढ्या संसारासाठी कारखान्यातून निघालेला थ्री-फेज डिझेल जनरेटर विकत घेऊन परसात बसवणारा गृहस्थ म्हणजे जनरेटरशेठ. रायगडात शेठ व्हायला फार काही लागत नाही, एक डंपर पुरतो. जनरेटरनेही ही पदवी मिळते आणि पुढे जनरेटर विकला तरी ती जात नाही.

नागोठण्याची हवा या प्रकाराला मानवते. अंबा नदीच्या काठचे हे गाव. नदी इशारापातळी ओलांडू लागली की कोळीवाडा आणि एसटी स्टँड आधी भिजतात. विजेला मात्र पुराची वाट पाहावी लागत नाही. झाडीतून, डोंगरउतारावरून आलेल्या तारांना जूनची पहिली झड पुरते. हे झाले मागणीचे. पुरवठा एमआयडीसीकडून होतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथे आयपीसीएलचा गॅस क्रॅकर प्रकल्प आला, तो पुढे रिलायन्सकडे गेला. रोह्याच्या अंगाला धाटावचे रासायनिक कारखाने, पेणच्या अंगाला डोलवीचे पोलाद. त्यामुळे फिटर, ऑपरेटर किंवा शिफ्ट इन्चार्ज म्हणून तीस वर्षे काढलेली माणसे इथे आळीआळीत सापडतात. इतरत्र निवृत्त माणूस भजनाला लागतो, इथला भंगाराच्या लिलावाला जाऊन बसतो.

जनरेटर शक्यतो लिलावातला किंवा मोबाइल टॉवरवरून उतरवलेला असतो. टॉवरवाल्यांनी चांगल्या बॅटऱ्या बसवल्या तसे त्यांचे सेट बाजारात येऊ लागले. पसंती २५ केव्हीएला. १५ चा सेट मिळत असतो, पण शेठ तो घेत नाहीत, कारण २५ चा ‘थोडक्यात’ मिळत असतो. भंगारवाला गंजावर ताजा हिरवा रंग मारून देतो आणि ‘चालू हालत में है’ एवढेच सांगतो. किती तास चालला ते दाखवणारे मीटर बंद पडलेले असते, ते कधी बंद पडले हे कोणी विचारत नाही. सेटचे वजन पाऊण टनाच्या घरात. तो आणायला हायड्रा क्रेन लागते, क्रेन आत यायला कुंपण पाडावे लागते, आणि त्या कुंपणाचा खर्च जनरेटरच्या किमतीत कधीच धरला जात नाही.

चौथरा हा वेगळा विषय आहे. पुराचे पाणी किती चढते यावर त्याची उंची ठरते आणि त्यावर गावाचे एकमत होत नाही. वडीलधारी मंडळी १९८९ च्या जुलैची खूण दाखवतात, तरुण २६ जुलै २००५ ची. शेठ दोन्हींच्या वर आणखी एक फूट घेतात. परिणामी काही घरांत माणसे जमिनीलगत झोपतात आणि जनरेटर देवघरापेक्षा उंच बसतो.

आता हिशेब. २५ केव्हीएच्या सेटमधून ०.८ पॉवर फॅक्टरला २० किलोवॅट मिळतात. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट, एक फेज आणि न्यूट्रल यांत २४०, आणि प्रत्येक फेजला सुमारे ३५ अँपिअर. शेठच्या घराचा सगळा लोड मिक्सरसकट दीड किलोवॅट, एरवी एकच. हा सेट रिकामा फिरला तरी तासाला दीड-दोन लिटर डिझेल पितो. तेव्हा नव्वद रुपयांच्या भावाने १८० रुपयांचे डिझेल जाळून शेठ एक युनिट वीज काढतात. पूर्ण लोडवर तासाला सहा लिटर जातील, पण वीस युनिट निघतील, म्हणजे युनिट सत्तावीस रुपयांना पडेल. हा हिशेब त्यांना पाठ असतो. त्यातून ते काढतात तो निष्कर्ष मात्र वेगळा: वीज महाग नाही, घर लहान आहे.

लाइट गेली की घरात पहिल्यांदा शांतता पसरते आणि शेठच्या चेहऱ्यावर तरतरी येते. बॅटरी, पाना, चिंधी घेऊन ते परसात जातात. मेन स्विच बंद, चेंजओव्हर खाली, सेल्फ. सेल्फ घरघरतो, इंजिन दोन उचक्या देऊन थांबते. डिझेलने हवा धरलेली असते. मग फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपाची दांडी अंगठ्याने दाबत राहायची. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय स्वच्छ धार. ती धार दिसली की स्क्रू आवळायचा. शेठ हे सगळे अंधारात, बोटांच्या जाणिवेवर करतात आणि सुरेख करतात. इंजिन धरते, १५०० फेऱ्यांवर स्थिर होते, फ्रिक्वेन्सी ५० दाखवते, आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या आळीतून पोरांचा ओरडा येतो, ‘लाइट आली!’ शेठ तरीही सेट पाच मिनिटे चालवतात. इंजिन एकदम बंद करू नये, असे ते म्हणतात. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे.

लाइट लांबली तर खरी पंचाईत सुरू होते. डिझेल इंजिनाला काम लागते. तीस टक्क्यांच्या खाली, म्हणजे या सेटला सहा किलोवॅटच्या खाली, ते फार काळ चालले तर पुरेसे तापत नाही. अर्धवट जळलेले डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते आणि तोंडाशी काळा तेलकट ओघळ दिसू लागतो. शेजारच्या दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यांवर ठिपके उमटतात. त्यामुळे जनरेटरशेठ हा सक्तीने उदार झालेला माणूस असतो. तो शेजाऱ्यांना वीज घ्या म्हणून गळ घालतो, गिझर लावा म्हणतो, इस्त्री काढा म्हणतो. डावीकडच्या घराला लाल फेज, उजवीकडच्याला पिवळा, स्वतःकडे निळा. वीज अधिनियम २००३ नुसार परवान्याशिवाय वीज वाटता किंवा विकता येत नाही, म्हणून या वायरींना शेजारधर्म म्हटले जाते. शेजारी नाही म्हणत नाहीत, पण पूर्ण खूशही नसतात. २००५ पासूनच्या नव्या सेटना एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, पण शेठचा सेट त्याआधीचा, विनाकॅनॉपीचा. टीव्ही लागतो, ऐकू येत नाही.

तीन घरांना तीन फेज देण्यात एक गोम आहे आणि ती न्यूट्रलमध्ये आहे. न्यूट्रलचा नट कंपनाने सैल झाला की दोन घरांची उपकरणे दोन फेजांच्या मध्ये एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. मग ज्या घरात लोड हलका, तिथे व्होल्टेज चढते, ते चारशेकडेही जाते. एकीकडे इस्त्री मंद पडते आणि दुसरीकडे सेट-टॉप बॉक्समधून धूर निघतो. वीज फुकट असते, बॉक्स नसतो. त्यानंतर काही महिने दोन्ही घरे एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत.

पेण-रोह्याकडचा कोणताही वाइंडर याला उपाय सांगतो. अल्टरनेटरची बारा टोके बाहेर काढलेली असतील तर जोडणी बदलून तोच सेट सिंगल फेज करता येतो. क्षमता साधारण साठ टक्क्यांवर येते, पण सगळे घर एका फेजवर बसते आणि फेज वाटण्याची भानगड उरत नाही. शेठ हे ऐकून घेतात आणि गप्प बसतात. थ्री-फेजचे सिंगल फेज करणे म्हणजे बुलेटला सायकलचे पॅडल लावणे, अशी त्यांची धारणा असते. इतका सोपा इलाज केवळ अभिमानापायी राहून जातो.

एका बाबतीत मात्र शेठना नावे ठेवता येत नाहीत. चेंजओव्हर ते चार पोलचाच बसवतात आणि त्याची किल्ली करदोट्याला असते. मेन स्विच न तोडता जनरेटर घराच्या वायरिंगमध्ये सोडला, तर ती वीज उलटी डीपीकडे जाते, ट्रान्सफॉर्मरमधून ११ हजार व्होल्ट होऊन तारेवर चढते, आणि लाइन बंद आहे या भरवशावर वायरमन खांबावर असतो. यात गंमत काही नाही. कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही, सॉकेटमध्ये दोन वायरी खुपसणाऱ्या हौशी माणसाला सांगावे लागते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले. जिल्ह्यात खांब हजारोंनी पडले, मोबाइल टॉवर मुके झाले आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तोवर ज्याला ‘शेठचं खूळ’ म्हणत होते, त्याच्यापुढे मोबाइल आणि पाण्याचे हंडे घेऊन रांग लागली. परसात एक्स्टेन्शन बोर्डांची माळ, त्यावर चाळीस फोन. पण चाळीस फोनांचा लोड अशा इंजिनाला जाणवतही नाही, आणि शेठचे लक्ष सायलेन्सरकडे होते.

खरा लोड गल्लीच्या टोकाला होता. पिठाची गिरणी, मोटर १० हॉर्सपॉवर, थ्री-फेज, म्हणजे साडेसात किलोवॅट. तांदूळ घरोघरी होता, पीठ संपले होते, आणि रायगडात भाकरी तांदळाची. केबल ओढली, स्टार-डेल्टा स्टार्टर दाबला, मोटर फिरली, पण उलटी. पट्टा उलटा धावला आणि गिरणीवाल्याने हात जोडले. शेठनी सेट बंद केला, दोन फेजांची टोके अदलाबदल केली, पुन्हा चालू केला. इंजिनाने किंचित दम खाल्ला, आवाज खाली जाऊन भरदार झाला, धूर आधी काळा, मग करडा, मग दिसेनासा झाला. तासाभरात काजळी जळून सायलेन्सरचे तोंड कोरडे पडले. शेठनी त्यावर बोट फिरवून गिरणीवाल्याला दाखवले. त्याने पिठाने माखलेली मान डोलावली. त्याला काही कळले नव्हते.

अशी जोडी एकदा जमली की सेट पुढे गिरणीच्या पडवीत जातो. डिझेल गिरणीवाला भरतो, शेठ रोज सकाळी ऑइलची पट्टी ओढून पाहतात आणि लाइट जाण्याची वाट गिरणीत बसून पाहतात. घरी सुनेने आणलेला इन्व्हर्टर असतो, जिन्याखाली, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीसह. चार पंखे आणि दिवे त्यावर तीन-चार तास बिनआवाज चालतात. शेठसमोर त्याचा विषय कोणी काढत नाही.