बीज सोडलं म्हणजे नदी वाचली?

पावसाळा लागला की वऱ्हाडात दोन बातम्या ठरलेल्या. एक, धरण किती टक्के भरलं. दुसरी, अमुक जलाशयात किती लाख मत्स्यबीज सोडलं. पहिल्या बातमीचा आकडा दर आठवड्याला बदलतो. दुसरीचा कधीच बदलत नाही, कारण तिच्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही.

सोडलेल्यातलं जगलं किती?

हा प्रश्न एकदा विचारून पाहा. उत्तर मिळेल तेही सोडलेल्या बीजाचंच.

बीज सोडू नका, असं माझं म्हणणं नाही. मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा घ्या, महानचं काटेपूर्णा घ्या, तेल्हाऱ्याकडचं वान घ्या. ही धरणं अमरावती-अकोल्याला पाणी पाजतात आणि त्यातला मासा बाजारात येतो. काठावरच्या भोई कुटुंबांची चूल त्यावर पेटते. ती पेटलीच पाहिजे.

पण पोट भरण्यासाठी सोडलेला मासा आणि नदीचा स्वतःचा मासा या दोन गोष्टी आहेत. एकीचा हिशेब दुसरीच्या खात्यावर मांडला की घोटाळा सुरू होतो. तो आपण वर्षानुवर्षं मांडतो आहोत.

कटला, रोहू, मृगळ. बाजारात हीच तीन नावं. तिघेही मुळात गंगेकडचे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी सहसा घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बीज. पूर्वी हे बीज उत्तरेतल्या नद्यांमधून गोळा करून आणावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. तिथून देशाचा मत्स्यव्यवसाय बदलला. 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याच कामगिरीसाठी पाळला जातो.

मोठी कामगिरी होती. तिचा मान राखायचा तर पुढचं काम तरी नीट करा.

बीज काठावर येतं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत. खाली थोडं पाणी, वर फुगवलेला ऑक्सिजन, तोंडाला रबर. टेम्पोत तास न् तास हिंदकळून पिल्लं अर्धमेली झालेली असतात. नियम साधा आहे: पिशवी बंदच ठेवून जलाशयात तरंगू द्यायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार-गरम झालं की तोंड उघडायचं, थोडं थोडं बाहेरचं पाणी आत घ्यायचं, मग पिल्लं आपली आपण बाहेर पडतात. अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात पाहुणे खोळंबलेले असतात. पिशवी फाडली, ओतली, फोटो झाला.

पाहुणे निघून गेल्यावर काठावर पांढरी पोटं वर आलेली दिसतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही.

आकाराचंही तेच. मोठ्या जलाशयात 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली सोडावी, असं तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगतात. त्याहून लहान सोडली तर शिकारी मासे ती फस्त करतात. पण बोटुकली वाढवायला जागा, खाद्य, वेळ आणि पैसा लागतो. मत्स्यजिरे स्वस्त आणि आकड्यात लाखांनी भरतात. मग कागदावर काय चढणार? काठावरचे भोई मात्र लाखांवर जात नाहीत. ते एकच विचारतात, ‘यंदाचं बीज केवढं हाय?’

सगळी मत्स्यविज्ञानाची पुस्तकं या चार शब्दांत आली.

आता हे बीज येतं कुठून ते बघू. हॅचरीतून. तिथं तेच ते मोजके नर-माद्या वर्षानुवर्षं वापरले, बाहेरचं रक्त आणलं नाही, की पिढ्या आपसातच जुळत जातात. 1990 मध्ये कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगोत्र प्रजननाचं प्रमाण काही ठिकाणी दर पिढीला 17 टक्क्यांपर्यंत निघालं. शिवाय एकाच हौदात कटला, रोहू, मृगळ एकत्र सोडले की संकर होतात आणि डोळ्यांना ते पटकन ओळखू येत नाहीत. असा मासा तळ्यात विक्रीसाठी वाढवायचा असेल तर नुकसान मालकाचं. नदीत गेला तर नुकसान कोणाचं?

भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेनं ‘जयंती रोहू’ काढला तो 1997 मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात. दर पिढीला वाढीचा वेग सरासरी 17 टक्क्यांनी जास्त. हे निवडीचं तंत्र आलं नॉर्वेहून, जिथं ते साल्मनवर तावूनसुलाखून निघालं होतं. तळ्यासाठी उत्तम मासा. माझं म्हणणं त्यातल्या पहिल्या शब्दावर आहे. तळ्यासाठी.

साल्मन म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच घरांना आता सिएटल आठवतं. मुलगा तिकडे, सून तिकडे, आईवडील सहा महिन्यांच्या मुक्कामाला. शरद ऋतूत त्यांना हमखास इसाक्वाची हॅचरी दाखवायला नेतात. 1936 पासूनची ती हॅचरी. समुद्रातून परतलेले, लालसर झालेले साल्मन पाण्याच्या पायऱ्या चढताना बघून मंडळी थक्क होतात. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येतो.

व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. तिथल्या हॅचरीतल्या बहुतेक पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर सोडण्यापूर्वीच कापलेला असतो. कित्येक ठिकाणी मासेमारीचा नियम त्याच्यावरच चालतो: पर नसलेला मासा घरी न्या, पर असलेला जंगली, त्याला परत सोडा.

आपल्या धरणातला कोणता मासा सोडलेला आणि कोणता नदीचा, हे कुठल्या खुणेवरून ओळखायचं?

आणि तिकडे तरी सगळं आलबेल आहे का? नाही. ओरेगॉनमधल्या हूड नदीवर साल्मनच्या कुळातल्या स्टीलहेडचा अभ्यास झाला, 2007 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नैसर्गिक नदीत प्रजोत्पादनाची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटत होती. दर पिढीला 40 टक्के! नदी वाचवायला सोडलेला मासा नदीचाच वंश कमजोर करत होता. 2017 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यात समुद्रातला पिंजरा कोसळला आणि सुमारे अडीच लाख परके अटलांटिक साल्मन मोकळे झाले. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं परक्या माशांची असली पिंजराशेती बंद करण्याचा कायदा केला.

एक अपघात, एक वर्ष, एक कायदा. आपल्याकडे थाई मांगूरवर बंदी आली 2000 मध्ये. तो आजही चोरून पाळला जातो, विकला जातो. कुजकं मांस खाऊन झपाट्यानं फुगणारा हा मासा ओढ्यात निसटला की समोर येईल ते खातो आणि आपला देशी मांगूर मागे पडतो.

हे सगळं परदेशातलं आणि परराज्यातलं, असं कोणाला वाटत असेल तर लोणावळ्याला चला.

वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं सत्तरच्या दशकात महाशीर माशाची हॅचरी उभी केली. हेतू चांगला होता, कामही चांगलं होतं. धरणांमुळे महाशीर संपत चालला होता, त्याची लाखो पिल्लं इथं वाढवली गेली आणि राज्याराज्यांत दिली गेली. काही पोचली कर्नाटकात कावेरीवर. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोच्या वर जाणारा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. पुढच्या काही दशकांत आपल्या निळसर परांच्या महाशीरनं त्याची जागा घेतली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणं होतीच. पण शेवटी 2018 मध्ये त्या कुबडवाल्याला शास्त्रीय नाव मिळालं, टोर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

बारसं आणि अखेरची घंटा एकाच वर्षी.

तिथल्या मासेमारांच्या नोंदींत महाशीर भरपूर मिळत होते. आकडा चढत होता. फक्त मासा दुसरा होता. संवर्धनाच्या नावाखाली याहून मोठी चूक कोणती? आणि ती चांगल्या माणसांच्या हातून झाली, हे जास्त गंभीर आहे.

आता आपल्या नद्यांकडे या. पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा, मेळघाटातल्या सिपना, गडगा, खापरा. यांत मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे यांना कोणी कधी बीज पुरवलं नाही. ते आपलं आपण वाढत आले. मरळीचंच बघा. उथळ पाण्यात गवत बाजूला सारून जोडी घरटं करते. पिल्लं निघाली की तांबूस-नारिंगी थवा पाण्यावर बुडबुड करत फिरतो आणि खाली आईबाप राखण करत असतात. हा थवा हेरून बरोबर त्याच जागी गळ टाकणारे बहाद्दर गावोगाव आहेत. मोठा मासा हाती लागतो. वर फिरणारी शेकडो पिल्लं त्या दुपारीच संपतात.

शेकडो पिल्लं, फुकटची, अस्सल इथली. एकाही सरकारी योजनेत त्यांची नोंद नाही.

मृगाचा पाऊस पडला की मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतो. चढणीचा मासा म्हणतात तो हाच. नेमका तेव्हाच तो बंधाऱ्याच्या भिंतीला अडतो, कारण आपल्या बंधाऱ्याला माशासाठी वाट ठेवायचं कोणाला सुचलं नाही. खाली पाण्यात पोरं मच्छरदाण्या घेऊन उभी. गाभोळीनं टच्च भरलेली मादी त्या दिवशी चवीनं खाल्ली जाते. समुद्रावर 1 जूनपासून मासेमारी बंद होते, ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, कोळी बांधव पोटाला चिमटा घेऊन बंदी पाळतात. पूर्णेवर त्याच दिवसांत कोण कोणाला अडवतं?

कायदा नाही असं नाही. पाण्यात सुरुंग लावणं, विष कालवणं हा 1897 च्या कायद्यानं गुन्हा आहे. सव्वाशे वर्षं झाली. डोहात ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्याला तो माहीतही नसतो.

डोहाचं महत्त्व तर अजून कळलेलंच नाही. उन्हाळ्यात नदी तुटते तेव्हा पुढच्या वर्षीचे सगळे आईबाप त्या दोन-चार डोहांत जीव धरून असतात. वाळू उपसून डोह मोडला, उरलेल्यात मोटर टाकून तो कोरडा केला, आणि जुलैमध्ये धरणावर बीज सोडून आपण मत्स्यसंपदा वाढवली. परकी चिलापी 1952 मध्ये देशात आणली, आज उजनीच्या काठावर तीच खासियत म्हणून ताटात येते. डासांसाठी विहिरी-नाल्यांत गप्पी सोडतो, ते पुरासोबत नदीत जातात. परक्याला दार उघडं आणि घरच्याला डोहसुद्धा नाही.

मार्ग आहे का? शेजारीच आहे. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर मंडळींनी मालगुजारी तलावांतली बेशरमाची झुडपं उपटली, तळाशी देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासा अंडी कुठं घालतो, काय खातो, ते म्हाताऱ्या मासेमारांकडून शिकून घेतलं. तलावांत देशी मासे परत वाढले. कटला-रोहूची बंदी करून नव्हे, घरच्या माशाला जागा देऊन. यात ढिवर बायाही पुढे होत्या, आणि त्यांचं ज्ञान हीच या कामाची खरी गुंतवणूक होती.

ज्ञान त्यांचं, मग निर्णय कोणाचा? 1974 मध्ये सिएटल भागातल्या न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला की करारानुसार साल्मनचा अर्धा वाटा मूळ निवासी जमातींचा. तेव्हापासून तिथं माशाचे निर्णय जमाती आणि राज्य मिळून घेतात. आपल्याकडे भोई-ढिवर संस्थेला तलावाचा ठेका मिळतो, तोही दर परवडला तर. बीज कोणतं, केवढं, कधी, हे ठरवताना त्यांना कोण विचारतं?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत 2020 साली 20,050 कोटींचा आराखडा झाला. 2025 मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह. पण शेतीत पेरलेल्या बियाण्याच्या पिशवीवर वाण, उगवणशक्ती, तारीख छापलेली असते आणि बोगस निघालं तर शेतकरी तक्रार करतो. मत्स्यबीजाच्या पिशवीवर काय छापलेलं असतं? रबर.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. हॅचरीचा मासा शेततळ्यात, बंदिस्त तळ्यात, मोठ्या धरणात वाढवा आणि सांडव्याला जाळी लावा. मेळघाटातून उतरणाऱ्या नद्यांत बाहेरचं एकही बीज नको. प्रत्येक जलाशयावर फलक लावा: कोणती जात, कुठल्या हॅचरीची, किती मिलिमीटर, आणि वर्षाअखेरीस किती किलो निघाली. जून-जुलैत नदीत जाळं बंद, आणि त्या दोन महिन्यांची भरपाई भोई कुटुंबांच्या खात्यात. दर तालुक्यात निदान एक डोह राखीव, तिथं मोटर नाही, वाळू नाही, गळ नाही.

आणि वाचकहो, तुमच्यासाठीही एक काम आहे. यंदा पहिल्या पावसात बाजारात गाभोळीनं भरलेली मरळ दिसली तर घेऊ नका. विकणाऱ्याला सांगा, दिवाळीनंतर ये, तेव्हा दोन किलो घेईन.

मग दिवाळीनंतर खरंच घ्या.