चाळिशीतली सतार

चाळिशी ओलांडलेला गृहस्थ मिरजेहून सतार आणतो तेव्हा घरात आधी खोळ येते, मग गादी, मग नखी. रियाज तेवढा वाटेत अडकतो. भोपळा पंढरपूरकडचा, २०२४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं पाहुण्यांना तोंडपाठ ऐकवतो. यमनची एक गत मात्र येत नाही. पहिला महिना बोटांच्या घट्ट्यांची वाट पाहण्यात जातो, दुसरा तरफा लावण्यात. तिसऱ्या महिन्यात ‘जवारीच बिघडलीय’ हा शोध लागतो. उपाय साधा आहे. खोळ काढून ठेवा. समोर दिसली की हात जातोच. रोज दहा मिनिटं ‘दा-रा’ वाजवा. शेजारी कुरकुरू लागले, की समजा, रियाज नियमित झाला.