भिंतीचा कागद उतरवण्याविषयी, तंजावरच्या घरी पत्र

लेस्टर, इंग्लंड



इंग्लंडातल्या जुन्या घरांत भिंतींना चुना क्वचित दिसतो. त्यांवर कागद चिकटवतात. नव्या मालकाला जुनी नक्षी आवडली नाही तर तो ती काढत बसत नाही, तिच्यावर आपली चढवतो. त्यामुळे खोली दर मालकागणिक तसूभर लहान होत जाते. तंजावरात भोगीच्या आधी पोपडे खरवडून चुन्याचा हात फिरवला की घर पोंगलला तयार. इथे रंगाच्या डब्याचे झाकण उघडण्याआधी मागच्या सगळ्या मालकांची हौस उतरवावी लागते.

ही हौस जुनी. १७१२ साली छापील कागदावर कर बसला, तेव्हा लोकांनी कोरा कागद भिंतीला लावून त्यावर मागाहून हाताने नक्षी काढून घेतली. कर १८३६ साली उठला. तंजावरच्या मोडी दफ्तरात हिशेब लिहिणाऱ्यांच्या वंशजांना कर चुकवण्याची ही युक्ती लगेच पटावी.

कागद काढताना आधी खोलीची वीज बंद करतात, कारण बटणांच्या मागे पाणी मुरते. मग एक कोपरा नखाने उचकून पाहायचा. विनाइलचा कागद असला तर वरचा पापुद्रा कोरडाच सुटून येतो आणि मागे अस्तर तेवढे उरते. हे भाग्य थोड्यांचे. साध्या कागदावर कोमट पाणी मारतात, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. मागची खळ, मग ती पिठाची असो की मिथाइल सेल्युलोजची, भिजून फुगली की पकड सोडते. तोवर थांबायचे असते. कर्ते पुरुष नेमके इथेच घाई करून पत्र्याने गिलावा उकरतात, आणि त्यांना चहा टाकायला पाठवले जाते.

सर्वांत चिवट तो लाकडाच्या बारीक कपच्या घातलेला खरखरीत कागद. ह्यूगो एर्फुर्ट या जर्मन औषधविक्रेत्याने तो १८६४ साली काढला. वाकड्यातिकड्या भिंतीचे व्यंग त्याने छान झाकले जाते, म्हणून तो घरोघर चढला आणि त्यावर रंगाचे थर बसले. रंगातून पाणी आत जात नाही. आधी काटेरी चाकाने छिद्रे पाडून मग वाफेचे यंत्र धरावे लागते. कपच्या केसांत, चहात आणि पुढे कित्येक आठवडे मोज्यांत सापडतात.

थरावर थर चढवण्याची खोड इंग्रजांचीच, असे मात्र तंजावरकरांनी म्हणू नये. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे देऊळ १०१० साली पुरे झाले. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळांनी भिंती रंगवल्या, आणि पुढे नायक राजांनी सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांवर नवा गिलावा देऊन आपली चित्रे काढली. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना खालची चित्रे दिसली: पांढऱ्या हत्तीवरून कैलासाला निघालेले सुंदरर, त्रिपुरांतक शिव. पेच असा की खालचे पाहायचे, पण वरचेही जुनेच, ते फेकता येत नाही. पुरातत्त्व खात्याने काही ठिकाणी नायकांचा थर गिलाव्यासकट अलगद सोडवून फायबरग्लासच्या फळ्यांवर बसवला. दोन्ही राज्ये वाचली. इथे लेस्टरला आमच्या खोलीत गुलाबांच्या नक्षीखाली तपकिरी वर्तुळे निघाली, तेव्हा असा पेच कोणालाच पडला नाही.

कागद गेला की भिंत खरी कशी आहे ते कळते, आणि ते नेहमी सुखाचे नसते. लाकडी पट्ट्यांवरचा जुना चुन्याचा गिलावा कधी कधी कागदानेच धरून ठेवलेला असतो. बोटाने ठोकून पोकळ वाजेल तिथे जोर करू नये. उरलेली खळ स्पंजाने पुसली नाही तर नवा रंग तडकतो. दारा-खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसे असू शकते; तिथे कोरडे घासणे वर्ज्य. भिंत पूर्ण सुकल्यावर भेगांत लांबी भरायची, काचकागद फिरवायचा, पहिला हात पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा आणि वर दोन हात नेहमीचे.

रंगाबाबत एकमत होईपर्यंत पहिला पांढरा हातच राहतो. पाहुणे तो पाहून खोली छान झाली म्हणतात, आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.